अंगठ्याचा कल

ऐन लग्नसराईच्या तोंडावर सुप्रभा मगदूमच्या कॉम्प्युटरने मान टाकली. मिरजेत तिचं 'शुभसंकेत वधू-वर सूचक केंद्र' होतं. केंद्र म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, एक टेबल आणि टेबलावरचा तो कॉम्प्युटर, एवढाच पसारा. पण निपाणीपासून इस्लामपूरपर्यंतची उपवर मुलंमुली त्या डब्यात बंद होती. त्यांचे फोटो, उंच्या, नोकऱ्या आणि त्यांच्या आयांच्या अटी. पडदा काळा पडला तसं सुप्रभाला जेवण गोड लागेना.

दुरुस्त करायचा म्हटलं तर माणूस मिळेना. टेबलावरचे कॉम्प्युटर तोवर बाजारातून उठलेच होते. जगाचं सगळं काम फोनवर आणि कुठल्या कुठे ठेवलेल्या सर्व्हरवर चालायचं. सुप्रभाचं सॉफ्टवेअर मात्र इचलकरंजीच्या एका हौशी पोराने पूर्वी कधीतरी लिहून दिलेलं, आणि ते हट्टी होतं. त्याला खराखुरा डेस्कटॉपच लागायचा.

तोडगा काढला तो तिच्या धाकट्या भावाने, भरतेशने. भरतेश सांगलीत हळदीच्या एका कंपनीत हिशेब बघायचा. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून मात्र आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायचा. तिथे वेळ जावा म्हणून त्याने 'झेप' घेतली होती. दोन हातांत मावेल एवढं गेमचं मशीन, मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना अंगठ्याने हलवायच्या स्टिक. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला नुकतीच नवी झेप भेट दिली होती, तेव्हा जुनी त्याने बहिणीच्या हातात ठेवली.

"अक्का, ह्याच्या पोटात तुझ्या त्या डब्याच्या कैक पट ताकद आहे," तो म्हणाला. "कंपनीनं नुसता गेमचा दरवाजा उघडा ठेवलाय, बाकी वाड्याला कुलूप. जुबेरकडून डेस्कटॉप उघडून घे."

जुबेर सतारमेकरचं दुकान सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत होतं. आजोबांनी भोपळे कोरले, बापाने तारा ओढल्या, आणि जुबेर मशिनं उघडायचा. मशीन उघडण्यात अख्ख्या जिल्ह्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाला आल्या आल्या सांगून टाकी. त्याने झेप हातात घेतली, मागचं झाकण काढलं, सुप्रभाने आणलेल्या मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क तिला जोडली, आणि सुप्रभाचा चहा संपायच्या आत पडद्यावरचे योद्धे जाऊन तिथे तिची ओळखीची निळी खोली आली: फोल्डर, फायली, मेल, प्रिंटरचं चित्रसुद्धा. जुनं खातं काढून नवीन टाकू का, असं त्याने विचारलं. सुप्रभा म्हणाली, कशाला, घरातलंच तर आहे. घरातली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती आधी पुसून कोरी करायची असते, हे त्यांच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. भरतेशचे शर्ट बापाच्या मापाचेच होते, आणि सुप्रभाच्या चष्म्याची फ्रेम आईची.

"अंदाज तेवढा चालूच ठेवतो," जुबेर म्हणाला. "तो काढला तर मशीन रखडत चालेल. फक्त लक्षात ठेवा ताई, गेममधे अंदाज चुकला तर ते मागं जाऊन पुसतंय. डेस्कटॉपला पुसायची सोय नाही."

दुकानदार वॉरंटीच्या अटी सांगतो तेव्हा आपण जसं ऐकतो, तसं सुप्रभाने ते ऐकलं.

आता या अंदाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. खेळणारा असतो मिरजेत, त्याच्याशी लढणारा असतो कोरियात, आणि खेळ चालवणारा सर्व्हर तिसऱ्याच देशात. अंगठा हलल्याची बातमी तिथे जाऊन परत यायला निमिषभर लागतं, आणि असल्या खेळात निमिषभरात माणूस मरतो. म्हणून मशीन बातमीची वाट बघत नाही. तुम्ही काय कराल याचा अंदाज बांधून ते पुढचं चित्र आधीच रंगवून ठेवतं. अंदाज चुकला तर तेवढा तुकडा गुपचूप पुसून दुसरा रंगवतं, आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही.

झेपने त्याच्याही पुढे मजल मारली होती. तिच्या स्टिकखाली त्वचेचा दाब, घाम आणि स्नायूंची बारीकशी थरथर मोजणारे सेन्सर होते. हात हलण्याआधी स्नायू तयारीला लागतात. आणि 'आता मी हे करणार' असं माणसाला जाणवण्याच्या आधीच मेंदूत त्या तयारीची हालचाल सुरू झालेली असते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. झेप स्नायूंतल्या त्या तयारीवर नजर ठेवून असे, आणि अमुक थरथरीनंतर हा माणूस अमुक करतो, हे महिनोन्‌महिने शिकत राही. पोरं म्हणायची, झेपला मनातलं कळतं. खरं तर तिला मनात यायच्या आधीचं कळायचं.

पहिले काही दिवस सुप्रभाने झेपला जुना कीबोर्ड जोडून पाहिला. मग तिच्या ध्यानात आलं की नुसत्या अंगठ्यांनी काम जास्त लवकर होतं. ती झोपाळ्यावर बसून, झेप मांडीवर घेऊन पत्रं लिहायला लागली. जी फाइल हवी तिच्याकडे पडद्यावरचा बाण आपणच निघायचा. पत्राचं पहिलं अक्षर टाकावं तर ओळ पुरी झालेली असायची, आणि ती तिच्याच भाषेत असायची, कारण तिची वर्षानुवर्षांची पत्रं त्याच पोटात होती. बाण 'पाठवा'वर जाऊन बसे, अंगठा दाबायच्या बेतात असे, आणि तेवढ्यात पत्र गेलेलं असे.

बहुतेक पत्रं नकाराची असत. नकार कळवणं हीच तिच्या धंद्यातली खरी कला होती. मुलगी सावळी वाटली, मुलाचा बाप फार बोलतो, असं कुणी कुणाला कळवत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणतात, मुलाला एवढ्यात करायचं नाही म्हणतात, घरात मोठं माणूस आजारी आहे म्हणतात. सांगणाऱ्याला खरं कारण माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही ते कळतं, आणि पुढच्या लग्नात दोघं एकाच पंगतीला बसून हसतखेळत जेवतात. सुप्रभाने अशा शेकडो माणसांची अब्रू झाकली होती.

एकदा चिकोडीच्या एका मुलाचं स्थळ जयसिंगपूरच्या मुलीला सुचवावं म्हणून ती बसली. मुलगा चांगला इंजिनिअर होता, घर भरलेलं होतं. पण मनात कुठेतरी चुकचुकलं, एवढी चांगली जागा आणि अजून कशी रिकामी, असं काहीतरी. ते वाटतं न वाटतं तोच पडद्यावर चिकोडीला गोड नकार लिहून झाला होता आणि गेलाही होता. ती चरफडली. पुढे महिन्याभरात कळलं की त्या मुलाने बेळगावात आधीच गुपचूप एक लग्न लावलेलं होतं.

सुप्रभाच्या अंगावर काटा आला. मग हळूहळू तिला त्याचा अभिमान वाटायला लागला. आपल्या आत एक शहाणी बाई आहे, ती आपल्या आधी ओळखते, आणि या मशिनाने तिला वाचा दिली, असं ती स्वतःशी म्हणू लागली. त्या मोसमात तिने पूर्वी कधी दिले नव्हते इतके नकार दिले. सगळे बरोबर निघाले, निदान तिला तसं वाटलं.

त्याच सुमाराला भरतेशच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता डायलिसिसवर फार काळ रेटता येणार नाही, किडनी बदला. रविवारी सगळे सांगलीला भरतेशच्या घरी जेवायला जमले. भरतेशची बायको पद्मजा हिचा रक्तगट जमत नव्हता. आई सत्तरीची, त्यात साखरेचा त्रास. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता पद्मजा म्हणाली की मंगळवारी अक्कांच्या तपासण्यांची वेळ घेतली आहे.

"तिला काय, मागं-पुढं कुणी नाही," आई म्हणाली, आणि ती हे अगदी मायेनेच म्हणाली.

देशील का, असं कुणी विचारलं नाही. भरतेश ताटाकडे बघत राहिला. मागं-पुढं कुणी नसलेल्या बाईलाही आपलं शरीर आपलं वाटत असतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं. ती म्हणाली, मंगळवारी किती वाजता यायचं?

तपासण्या झाल्या आणि सगळं तंतोतंत जुळलं. मग मिरजेच्या हॉस्पिटलातल्या, किडनीदात्यांचं बघणाऱ्या समन्वयक ग्लोरिया लोंढे यांनी तिला एकटीला आत बोलावलं. पांढरं सुती लुगडं, जाड भिंगं आणि थकलेला, शांत आवाज.

"तुम्ही हो म्हणालात," ग्लोरियाबाई म्हणाल्या, "पण मधेच कधी नको वाटलं तर फक्त मला कळवा. आम्ही घरी सांगू की शेवटच्या चाचणीत बसलं नाही. खरं कारण आईलासुद्धा कळणार नाही."

सुप्रभाला हसूच आलं. आपल्याच धंद्यातली बाई भेटली, असं तिला वाटलं, आणि त्या एका वाक्याने तिचा निम्मा जीव हलका झाला. ती म्हणाली, तसं काही व्हायचं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात ग्लोरियाबाईंची मेल आली की शेवटची संमती तुमच्या शब्दांत लिहून पाठवा.

उन्हं कलल्यावर सुप्रभा झेप घेऊन झोपाळ्यावर बसली. मेल उघडली. 'मी माझ्या भावाला' एवढं मनात जुळवलं आणि तिला पोटाच्या कडेला, जिथे चिरणार होते तिथे, गार वाटलं. डावा अंगठा स्टिकवर थरथरला. बाण सरकला. पडदा पांढरा झाला आणि पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला.

तिने गेलेल्या पत्रांत पाहिलं.

'ग्लोरियाताई, किडनी देणं मला जमेल असं वाटत नाही. कृपया कारण घरी कळू देऊ नये. आपण सांगाल तेच मीही सांगेन. राग नसावा. सुप्रभा मगदूम.'

राग नसावा. तिच्या प्रत्येक नकारपत्राच्या शेवटी हेच दोन शब्द असत. पत्रात तिच्या हातचं नाही असं एक अक्षर नव्हतं, आणि त्यातलं एकही तिने लिहिलं नव्हतं. फोन करून सांगावं, चुकून गेलं म्हणावं, म्हणून तिने फोन उचलला. नंबर लावला नाही. चहा करून घेते आणि मग लावते, असं तिने ठरवलं. चहा झाला, कप विसळून झाला, दिवे लागले, शेजारची माणसं कामावरून परत आली, आणि फोन झोपाळ्यावर होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पद्मजाचा रडत फोन आला. रक्तात काहीतरी निघालं म्हणतात, तुमची किडनी त्याच्या अंगाला लागणार नाही म्हणतात. सुप्रभा खुर्चीत बसली, पद्मजाला धीर दिला, फोन ठेवला. आणि तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग स्वतःची तिला किळस आली.

संध्याकाळी भरतेश डायलिसिसहून परस्पर तिच्याकडे आला. येताना तिला आवडतात म्हणून अंजिरं घेऊन आला. तू तयार झालीस हेच मला पुष्कळ आहे, जिवाला लावून घेऊ नकोस, असं तोच तिला समजावत बसला. आपल्याला बरं वाटावं म्हणून हा आनंदी असल्याचं दाखवतो आहे, असं सुप्रभाने धरलं. त्याचा चेहरा इतका मोकळा तिने त्या वर्षात पाहिला नव्हता. अंजीर तिच्याच्याने गिळवेना.

पुढचे दिवस वाईट गेले. भरतेशचं नाव वाट पाहणाऱ्यांच्या यादीत घातलं गेलं, आणि डायलिसिससाठी केलेली त्याच्या हाताची शीर दोनदा बंद पडली. इकडे सुप्रभाला एक चाळा लागला. दुपारी कामं आटोपली की ती झेपवर कोरं पान उघडायची, दोन्ही अंगठे स्टिकवर ठेवायची आणि मनात विचारायची, मी देईन का? अंगठा थरथरायचा आणि पानावर उमटायचं, 'जमेल असं वाटत नाही.' ती पुसायची. पुन्हा विचारायची. 'जमेल असं वाटत नाही. राग नसावा.'

ती शहाणी बाई आता तिला घरभर जाणवू लागली. दारावरची कडी काढायला हात नेताना, हा हात आधी कुणी हलवला, असं मनात यायचं. भाजीवाल्यापुढे उभी राहून दोडका घ्यायचा की गवार, याचं उत्तर समोर उमटेल म्हणून ती खुळ्यासारखी वाट बघत राहिली, आणि मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. एकदा आरशासमोर कुंकू लावताना तिला वाटलं की आरशातलं बोट कपाळाला आधी टेकलं. तिने आरशावर टॉवेल टाकला.

भरतेशला सगळं लिहून टाकावं म्हणून ती एकदा बसली. 'भरतेश, माझ्याकडून' इथवर आली, अंगठा थरथरला, आणि पानच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. खरं सांगायचं आपल्या मनात नाहीच, हे मशीन इतक्या शांतपणे सांगत होतं की सुप्रभा घाबरून रडली. मग तोंड धुऊन तिने पायांत चपला सरकवल्या आणि झेप पिशवीत घालून जुबेरचं दुकान गाठलं. हा अंदाज आत्ताच्या आत्ता काढून टाक, म्हणाली.

जुबेरने पडद्यावर कुठलंसं पान उघडलं आणि मान वाकडी करून वाचलं.

"हा तुमचा अंदाजच नाही," तो म्हणाला. "खातं भरतेशदादाचं आहे. त्याच्या हातावर शिकलंय मशीन, दोन वर्षं."

मग आपलं ज्ञान दाखवायची संधी मिळाल्याच्या आनंदात त्याने सगळं उलगडून सांगितलं. थरथर सगळ्यांच्या हाताला असते, पण थरथरल्यावर कोण काय करतो हे ज्याचं त्याचं वेगळं. कुणी थरथरत पुढे घुसतो, कुणी थांबतो. त्याने भरतेशचे जुने डाव चालवून दाखवले. अरुंद पूल आला, अंगठा थरथरला, भरतेशचा योद्धा मागे फिरला. गुहेचं तोंड आलं, पुन्हा मागे. दर वेळी मागे. मशीन तेवढंच शिकलं होतं. सुप्रभाचा हात भीतीने थरथरला की ते समजायचं, या माणसाला आता परत फिरायचंय. जुन्या डावांवर शिकलेलं ते इतकं घट्ट बसलं होतं की नवीन हाताने त्यात फारसा फरक पडला नव्हता.

"शब्द तुमच्या पत्रांतले," जुबेर म्हणाला, "कल दादाचा. मी विचारलं होतं की तुम्हाला, खातं बदलू का म्हणून."

सुप्रभा दुकानाच्या पायरीवर बसली. शेजारच्या दुकानात कुणीतरी नवी सतार लावून बघत होतं. तिला आधी आठवली ती मोसमातली सगळी स्थळं. ज्यांना तिने नकार कळवला त्यांच्यात पुढे खोट निघाली म्हणून ती स्वतःला शहाणी समजत होती. नाही म्हटल्यावर प्रत्येकातच खोट सापडते, इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर हे तरी तिला कळायला हवं होतं. किती जुळली असती अशी माणसं भरतेशच्या भीतीने परत फिरवली गेली, याचा हिशेब कुणालाच लागणार नव्हता.

मग तिला आठवलं ते पत्र. तो नकार तिचा नव्हता. तिने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता, पण तो टाकता येईना. पत्र मशिनाने पाठवलं होतं, पण फोन तिने उचलून खाली ठेवला होता. पद्मजाचा फोन आल्यावर जे बरं वाटलं ते कुठल्याही सेन्सरने वाटवलं नव्हतं. तेवढं तिचं होतं, आणि ते घेऊनच आता पुढे काय ते ठरवायचं होतं. तिने झेप जुबेरच्या टेबलावर ठेवली आणि चालत हॉस्पिटलला गेली.

ग्लोरियाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"नकार देऊन परत येणाऱ्या सगळ्यांकडे असं काहीतरी असतं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नातवानं चुकून बटण दाबलेलं असतं, कुणाचा फोन दुसऱ्यानं वापरलेला असतो. आणि बाहेर गाडीत नवरा नाहीतर दीर बसलेला असतो."

बाहेर माझं कुणी नाही, सुप्रभा म्हणाली. ग्लोरियाबाईंनी तिची फाइल पुढे ओढली. मग विचारलं, आम्ही घरी नाही म्हणून कळवलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

सुप्रभाला बरोबर उत्तर माहीत होतं. वाईट वाटलं, असं म्हणायचं. जन्मभर ती लोकांना अशीच उत्तरं शिकवत आली होती. टेबलाच्या काचेवर तिचे दोन्ही अंगठे हलत होते, आणि ती समोरच्या रिकाम्या हवेत वाक्य उमटायची वाट बघत होती. काही उमटलं नाही. भिंतीवरचा पंखा फिरत होता. आपल्या आधी उत्तर देणारं कुणीच नाही, हे तिला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "खूप बरं वाटलं. अजून भीती आहे. आणि मला द्यायची आहे."

ते तिने ग्लोरियाबाईंच्या बरोबरीनेच ऐकलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वाईट वाटलं म्हणाला असतात तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं, असं त्या सावकाश म्हणाल्या. दानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे यावं लागेल, पुन्हा सगळे प्रश्न होतील. पण त्याआधी एक काम. भावाला खरं काय झालं ते तुम्ही स्वतः सांगायचं, आणि तो हो म्हणाला तरच कागद पुढे जाईल.

भरतेश डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत होता. नळ्यांचा हात उशीवर स्थिर ठेवून नुसत्या अंगठ्याने नवी झेप खेळत होता. खातं अर्थातच जुनंच होतं, त्याने ते जुन्यावर तसंच ठेवून नव्यावरही उघडलं होतं. पडद्यावर त्याचा योद्धा एका डोंगराच्या खिंडीत शिरत होता.

सुप्रभा स्टूल ओढून बसली आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. पत्र, चहा, ठेवून दिलेला फोन, बरं वाटणं. जुबेरने दाखवलेले डाव. काही वगळलं नाही. भरतेश पडद्याकडेच बघत ऐकत होता.

"मला अजून द्यायची आहे," असं ती म्हणाली, पण वाक्य पुरं व्हायच्या आतच खिंडीतला योद्धा वळला आणि आल्या वाटेने पळत सुटला. भरतेशचा अंगठा हललासुद्धा नव्हता. दोघांनीही ते पाहिलं.

"मलाच नको होती, अक्का," भरतेश म्हणाला. "माझ्यासाठी तुला चिरायचं. रोज वाटायचं, कुणीतरी मोडता घालावा. आईपुढं बोलायची हिंमत नव्हती. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी न्हाणीत जाऊन हात जोडले."

म्हणजे त्या दिवशी दोन घरांत दोघांनाही बरं वाटलं होतं, आणि दोघंही अंजिरं पुढ्यात घेऊन एकमेकांना समजावत बसले होते. सुप्रभाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तिने त्याच्या हातातून झेप काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. तिच्यावर आता कुणाचाच हात नव्हता, तरी योद्धा आणखी थोडं अंतर पळत राहिला. मग एका झाडाखाली थांबला आणि इकडे तिकडे बघू लागला.

भरतेशने रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे, मग बहिणीकडे. त्याचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. सुप्रभाने त्याला मदत केली नाही.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तरी विचारतो. अक्का, देशील?"

"देईन," सुप्रभा म्हणाली, आणि मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात थरथरत होते.